भिंतीत गाडलेली केबल आणि तिच्या टोकाची जोडणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत एक तक्रार हमखास येते. टीव्हीवरचे चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते, आवाज मध्येच गिळला जातो आणि दोन दिवस ऊन पडले की सारे आपोआप सुरळीत होते. नेरूळमधल्या आमच्या सोसायटीत ही तक्रार सलग तीन पावसाळे येत होती. या काळात केबलवाल्याने सेट-टॉप बॉक्स दोनदा बदलून दिला, एका सदस्याने वैतागून नवा टीव्ही आणला आणि ज्यांच्याकडे डिश आहे त्यांनी गच्चीवर जाऊन छत्री डावी-उजवीकडे हलवून पाहिली. दोष यांपैकी कशातच नव्हता. तो होता वॉर्डरोबच्या मागे, पीओपीच्या छताआड आणि गच्चीवरच्या डक्टमध्ये, केबलच्या टोकाला नुसता फिरवून बसवलेल्या, बोटाच्या पेराहूनही लहान अशा धातूच्या तुकड्यात. त्या तुकड्याला एफ-कनेक्टर म्हणतात. घराच्या अंतर्गत सजावटीवर लाखो रुपये खर्च करणारी माणसे त्याच्याविषयी एक प्रश्नही विचारत नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. पण विषय असा आहे की अर्धा सांगितला तर वाचक पुन्हा वायरमनच्याच भरवशावर राहील.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो आहे. त्यामुळे आमच्या एका विंगमधल्या जोडण्या उघडून पाहण्याचे काम माझ्याकडे आले आणि सुटकेस उघडावी तशी एकेक जोडणी मी उघडत गेलो. बहुतेक ठिकाणी केबल एका मापाची आणि कनेक्टर दुसऱ्या मापाचा होता. काही ठिकाणी कनेक्टरच नव्हता. दोन केबलींच्या मधल्या तारा एकमेकींना पीळ घालून वर काळी टेप गुंडाळलेली होती. घरातल्या विजेच्या तारांना अशी जोड दिली तर निदान दिवा तरी लागतो. टीव्हीच्या या कोअ‍ॅक्सियल केबलचे तसे नाही.

या केबलची रचना समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे जाते. मध्ये एक तार असते, तिच्याभोवती पांढऱ्या फोमसारख्या प्लास्टिकचे आवरण असते, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि बारीक तारांची जाळी असते आणि सर्वांत बाहेर काळी किंवा पांढरी साल असते. संदेश मधल्या तारेतून एकट्याने जात नाही. तो तार आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून वाहतो आणि त्यासाठी या दोहोंमधले अंतर सर्वत्र सारखे असावे लागते. टीव्हीच्या केबलीत हे प्रमाण असे राखलेले असते की तिचा अवरोध ७५ ओहम भरतो. सेट-टॉप बॉक्स, एका केबलीचे दोन-चार फाटे करणारा स्प्लिटर, अँप्लिफायर, सगळे त्याच ७५ ओहमच्या हिशेबाने बनवलेले असते. जिथे पीळ घालून जोड दिलेली असते तिथे हे प्रमाण मोडते. येणाऱ्या संदेशाचा काही भाग तिथूनच उलटा फिरतो आणि जाळी उघडी पडल्यामुळे बाहेरचा गोंगाट आत शिरतो. ज्यांनी १९७२ मध्ये सुरू झालेले मुंबई दूरदर्शन गच्चीवरच्या अँटेनावर पाहिले आहे त्यांना मुख्य चित्राच्या शेजारी उमटणारी फिकट सावली आठवत असेल. ती सावली पुष्कळदा समोरच्या इमारतीवरून परावर्तित झालेल्या लहरींची असे, पण घरातल्या बिघडलेल्या जोडणीमुळेही ती दिसे. २०१२-१३ च्या सुमारास आपल्याकडे सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि ही सावली गेली. पडद्यावरच्या मुंग्याही गेल्या. त्याबरोबर जोडणी हळूहळू बिघडत असल्याची आगाऊ सूचनाही गेली. डिजिटल संदेश एका मर्यादेपर्यंत सगळी झीज पोटात घालतो आणि चित्र लख्ख दाखवत राहतो. ती मर्यादा ओलांडली की एकदम कोसळतो. म्हणूनच वर्षभर ठीक चाललेली जोडणी पहिल्या जोरदार सरीत दगा देते आणि दोष पावसाच्या नावावर खपतो.

डिशच्या बाबतीत पावसावर ठेवलेला ठपका काही प्रमाणात खराही आहे. आपल्याकडची डीटीएच सेवा ज्या केयू बँडमध्ये चालते त्या लहरी मुसळधार पावसात खरोखरच क्षीण होतात. पण तो परिणाम सर कोसळत असेपर्यंतच टिकतो, पाऊस थांबला की काही मिनिटांत चित्र परत येते. पाऊस सकाळी थांबला आणि चित्र संध्याकाळपर्यंत फुटत राहिले, तर आकाशाकडे न पाहता जोडणीकडे पाहावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कनेक्टर निवडताना पहिला प्रश्न किमतीचा किंवा कंपनीचा नसतो, मापाचा असतो. घरगुती कामात आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारच्या केबली येतात, आरजी-६ आणि आरजी-५९. आरजी-६ ची बाहेरची जाडी साधारण सात मिलिमीटर आणि मधली तार एक मिलिमीटरची असते. आरजी-५९ सुमारे सहा मिलिमीटर जाडीची आणि तिची तार जवळपास पाऊण मिलिमीटरची असते. नुसत्या नजरेने दोन्ही सारख्याच वाटतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. आरजी-५९ वर आरजी-६ चा कनेक्टर चढवला तर तो सैल बसतो आणि वायरमन मग सालीवर टेपचे दोन वेढे देऊन तो घट्ट करतो. आरजी-६ वर लहान कनेक्टर कोंबला तर जाळी आत जाण्याऐवजी मागे सरकून गोळा होते. आरजी-६ मध्येही एकच माप नाही. पत्रा आणि जाळी यांचा एकेकच थर असलेली, पत्रा-जाळी-पत्रा असे तीन थर असलेली आणि दोन-दोन थर असलेली चौपदरी केबल, या तिघींची जाडी वेगवेगळी असते आणि चौपदरी केबलीसाठी कनेक्टरही त्याच मापाचा मागावा लागतो. दुकानदाराला केबलीचा वीतभर तुकडा दाखवून कनेक्टर घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. केबलीच्या सालीवर प्रकार छापलेला असतोच. ठाण्याच्या स्टेशन रोडच्या किंवा वाशीच्या दुकानात उभे राहून तो वाचायला अर्धे मिनिट पुरते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आरजी-५९ म्हणजे टाकाऊ आणि आरजी-६ म्हणजे उत्तम, असे दुकानात सांगितले जाते ते पूर्ण खरे नाही. १००० मेगाहर्ट्झला आरजी-६ मध्ये १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबल (संदेश किती क्षीण झाला हे सांगणारे माप) घट होते आणि आरजी-५९ मध्ये सुमारे २६. वीस मीटरच्या घरगुती वायरिंगमध्ये हा फरक जेमतेम एका डेसिबलचा राहतो. केबलच्या टीव्हीसाठी कुणाच्या भिंतीत आधीच चांगली आरजी-५९ असेल तर ती उपटून काढण्याची घाई करू नये. तिच्या मापाचे चांगले कनेक्टर बसवावेत. डिशचे गणित निराळे आहे. छत्रीपासून बॉक्सपर्यंत संदेश ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये येतो, वरच्या टोकाला आरजी-६ मध्येही घट १०० मीटरमागे ३० डेसिबलच्या आसपास जाते आणि चौदाव्या मजल्याच्या गच्चीवरून तिसऱ्या मजल्यावर येणारी केबल चाळीस-पन्नास मीटरची सहज होते. तिथे आरजी-६ च हवी.

एफ-कनेक्टरची गंमत अशी की त्याला स्वतःची पिन नसते. केबलीची मधली तार हीच त्याची पिन. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जेरोल्ड इलेक्ट्रॉनिक्समध्ये एरिक विन्स्टन यांनी तो तयार केला आणि पिन वाचवल्यामुळेच तो इतका स्वस्त झाला की पुढे घराघरांत पोहोचला. पण याच काटकसरीमुळे त्याची अर्धी गुणवत्ता बसवणाऱ्याच्या हातात राहते. तार बोथट पकडीने तिरकी तोडली की तिच्या टोकाला टोकदार कूस राहते आणि ती बॉक्सच्या सॉकेटमधल्या स्प्रिंगच्या पात्यांना ओरबाडते. तारेवर पांढऱ्या फोमचा पातळ पापुद्रा राहिला तर वरून सारे ठीक दिसूनही संपर्क अर्धवट राहतो. तो नखाने खरवडून काढावा, सुरीने नव्हे, कारण सुरीने तारेवरचे तांबे निघते. ज्या सॉकेटात कधीतरी जाड तार किंवा खिळा घुसवून पाहिलेला असतो त्याची पाती कायमची फाकतात आणि मग कितीही चांगला कनेक्टर लावला तरी तार आत डुलत राहते. एका घरात मला हेच दिसले. मालकांनी मोठ्या निरागसपणे सांगितले की मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी काहीतरी घालून पाहिले होते.

तारेच्या तांब्याबद्दलही विक्रेते बरेच बोलतात. बहुतेक केबलींत मधली तार पोलादाची असते आणि तिच्यावर तांब्याचा मुलामा असतो. संदेशासाठी त्याने काही बिघडत नाही, कारण इतक्या उच्च वारंवारतेला वीज तारेच्या पृष्ठभागालगतच वाहते. १००० मेगाहर्ट्झला तांब्यात ही खोली मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी असते. शुद्ध तांब्याचा उपयोग होतो तो केबलीतून एकदिश (डीसी) वीजही पाठवायची असेल तेव्हा, म्हणजे लांबच्या डिशसाठी. बैठकीच्या खोलीतून शयनगृहात नेण्याच्या केबलीसाठी शुद्ध तांब्याचे जादा पैसे मोजणे मला व्यर्थ वाटते. तेच पैसे कनेक्टरवर घालावेत.

कनेक्टर केबलीवर धरून ठेवण्याच्या तीन पद्धती बाजारात आहेत. पहिला फिरवून बसवण्याचा. त्याला कोणतेच हत्यार लागत नाही, हाताने पीळ दिला की तो सालीवर आटे पाडत चढतो आणि आपल्या शहरांतल्या घरांत बहुधा हाच असतो. हत्याराशिवाय बसतो तसा तो हत्याराशिवाय निघतोही. केबलीला थोडा हिसका बसला, उन्हाने साल मऊ झाली, झाडू मारताना वायर ओढली गेली, की त्याची पकड सुटत जाते. तात्पुरत्या चाचणीसाठी ठीक; भिंतीत गाडायच्या केबलीवर तो लावणे मी गैर समजतो. दुसरा क्रिंपचा. योग्य मापाच्या षटकोनी जबड्याच्या क्रिंपिंग टूलने दाबला तर बऱ्यापैकी टिकतो, पण आपल्याकडे तो साध्या पकडीने चेपला जातो, गोल कनेक्टर चपटा होतो, आतला फोम दबतो आणि ७५ ओहमचे गणित तिथेच संपते. षटकोनाच्या कोपऱ्यांशी राहणाऱ्या फटींतून ओलही आत जाते.

तिसरा कम्प्रेशनचा. यात कनेक्टरच्या मागच्या बाजूची कडी एका हत्याराने सरळ रेषेत पुढे ढकलली जाते आणि ती सालीला चहूबाजूंनी सारख्या दाबाने आवळते. फटी राहत नाहीत, केबल ओढली तरी निघत नाही आणि चांगल्या प्रतीच्या कनेक्टरमध्ये आत रबरी कडी असल्याने पाणीही अडते. एकदा बसवला की तो काढून पुन्हा वापरता येत नाही. चूक झाली तर कापून टाकावा लागतो. याच कारणाने काही वायरमन त्याला नाके मुरडतात. मी ज्या तरुण वायरमनला आमच्या सोसायटीत हे हत्यार हातात दिले तो म्हणाला, ‘काका, एवढ्याशा कामाला एवढा थाट कशाला?’ त्याच्या पिशवीत त्या हत्याराच्या कैक पट किमतीचे ड्रिल मशीन होते. चौथ्या जोडणीला मात्र त्याने स्वतःहून केबल हिसडून पाहिली आणि ती निघाली नाही तेव्हा पुन्हा काही बोलला नाही.

बसवण्याची रीत फार अवघड नाही. दोन पात्यांच्या स्ट्रिपरने टोकाची सहा-आठ मिलिमीटर तार पूर्ण उघडी करायची आणि तिच्यामागे साधारण तेवढ्याच लांबीची साल काढून जाळी मोकळी करायची. जाळीचे तंतू मागे सालीवर सारखे दुमडायचे. त्यांतला एकही मधल्या तारेला शिवता कामा नये, कारण एक तंतू शिवला तरी संदेश तिथेच संपतो आणि डिशच्या केबलीत बॉक्सकडून जाणारी वीजही शॉर्ट होऊन तिथूनच परत फिरते. फोमवर घट्ट चिकटलेला आतला पत्रा तसाच राहू द्यायचा. मग कनेक्टर इतका आत ढकलायचा की समोरून पाहिल्यावर पांढरा फोम आतल्या बैठकीशी समपातळीत दिसेल आणि तार नटच्या कडेबाहेर एक ते तीन मिलिमीटर येईल. फोम खोल राहिला तर ढकलणे अपुरे पडले आहे, आणि हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण चौपदरी केबल ढकलायला मनगटात जोर लागतो. शेवटी नट हाताने पूर्ण फिरवून गच्चीवर किंवा डक्टमध्ये ११ नंबरच्या पान्याने किंचित आवळायचा. टीव्ही आणि बॉक्सच्या मागे पाना लावू नये. तिथले सॉकेट आतल्या नाजूक पाटीवर बसवलेले असते आणि जोर दिला की ते मुळासकट हलते.

आपल्या भागापुरता सर्वांत महत्त्वाचा शत्रू पाणी आणि खाडीवरून येणारी खारट, दमट हवा. कोपरी, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर, खाडीच्या दोन्ही काठांवरच्या वस्त्यांत लोखंडी ग्रिल जसे पाच वर्षांत पापुद्रे सोडते तसेच कनेक्टरचे होते. एका कनेक्टरमध्ये तांबे, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि निकेलचा मुलामा दिलेले पितळ असे चार धातू एकमेकांना चिकटून असतात. त्यांच्यात खारट पाण्याचा थेंब आला की ती एक चिमुकली बॅटरीच होते आणि त्यांतला दुबळा धातू झिजू लागतो. मी उघडलेल्या जोडण्यांत रंगांवरून निदान करता येत होते. हिरवी पूड दिसली तर तांबे गेले, तांबूस गंज दिसला तर तारेचा मुलामा निघून पोलाद उघडे पडले, पांढरी भुकटी दिसली तर जाळी आणि पत्रा खाल्ला गेला. गच्चीवरच्या एका डिशच्या कनेक्टरमध्ये तिन्ही रंग एकत्र होते. डिशच्या केबलीत हे जास्त वेगाने घडते, कारण तिच्यातून सतत वीज वाहत असते आणि ओलीत वीज मिसळली की झीज कितीतरी वाढते.

त्या विजेचा एक वेगळाच परिणाम सदस्यांना बुचकळ्यात पाडत होता. बॉक्स छत्रीच्या टोकावरच्या एलएनबीला, म्हणजे लहरी पकडून केबलीत सोडणाऱ्या भागाला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. १३ व्होल्टला एलएनबी उभ्या दिशेच्या लहरी घेतो, १८ ला आडव्या दिशेच्या. गंजलेल्या जोडणीत वाटेतच दाब घसरला आणि १८ चे १५-१४ होऊन पोहोचले, तर एलएनबी ते १३ च समजतो. मग काही चॅनेल अगदी स्वच्छ दिसतात आणि काही मुळीच दिसत नाहीत. तळमजल्यावरच्या एका आजींनी ‘माझ्या मालिकेचाच पॅक तुम्ही बंद केलात’ म्हणून ग्राहक सेवेशी पंधरा दिवस वाद घातला होता. पॅक चालू होता. गच्चीवरचा कनेक्टर बदलल्यावर मालिका परत आली.

पाणी एकदा जाळीत शिरले की तिच्या बारीक तंतूंमधून ते वातीत तेल चढावे तसे पुढे सरकते, कधी कधी काही मीटर. म्हणून गंजलेला कनेक्टर कापून लगेच त्याच जागी नवा बसवणे पुरत नाही. जाळी चकचकीत दिसेपर्यंत केबल मागे मागे कापत जावे लागते आणि त्यासाठीच जोडणीच्या ठिकाणी हातभर केबल शिल्लक ठेवलेली असावी. उघड्यावर काळ्या सालीची, बाहेरच्या वापरासाठी असलेली केबल घ्यावी. पांढरी पीव्हीसीची साल उन्हात तडकते. छत्रीकडून केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते, आत येत नाही. जोडणीवर रबरी टोपी घालावी किंवा स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. नेहमीची काळी टेप मेच्या उन्हात सुटते आणि जूनच्या पावसात आत पाणी धरून ठेवते. तिच्यापेक्षा काहीच न लावलेले बरे, असे मला अनेकदा वाटते.

केबलच्या टीव्हीत सैल जोडणीचा आणखी एक उपद्रव अलीकडे वाढला आहे. केबलीतले चॅनेल ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेले असतात आणि मोबाइलच्या ७०० व ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांचा मोठा भाग त्याच मर्यादेत येतो. केबलीच्या आत हे दोन संदेश एकमेकांना भेटण्याचे कारण नाही. जाळी सुटलेली असेल तर मात्र बॉक्सशेजारी ठेवलेला फोन सरळ आत घुसतो. फोन आला की ठराविक चॅनेल फुटतो, फोन दुसऱ्या खोलीत नेला की सुधारतो, असा अनुभव असेल तर दोष फोनचा नसतो. ज्या घरांत याच केबलीवर इंटरनेटही येते तिथे तर एका घरातल्या सैल कनेक्टरमधून शिरलेला गोंगाट मुख्य वाहिनीत उलटा जाऊन शेजाऱ्यांच्याही इंटरनेटला त्रास देतो.

स्प्लिटरबद्दल थोडक्यात. एकाचे दोन केले की प्रत्येक बाजूला अर्ध्याहूनही थोडी कमी शक्ती मिळते, म्हणजे सुमारे साडेतीन डेसिबलची घट; एकाचे चार केले की सात. म्हणून ‘पुढे लागेल’ म्हणत चार फाट्यांचा स्प्लिटर लावून दोन फाटे मोकळे ठेवू नयेत, आणि ठेवलेच तर त्यांवर ७५ ओहमचे टर्मिनेटर टोपण लावावे. स्प्लिटरच्या अंगावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिले असेल तर तो केबलच्या टीव्हीचा आहे. तो डिशच्या वाटेत घातला की काम होत नाही. टीव्हीच्या मागे आटे नसलेले, नुसते ढकलून बसवायचे सॉकेट असते, तिथे एफ-कनेक्टरवर तयार अ‍ॅडॉप्टर लावावा. दोन स्क्रूंची प्लास्टिकची पिन लावू नये. सीसीटीव्हीसाठी अर्धा वेढा देऊन अडकणारे बीएनसी कनेक्टर असतात. सोसायट्यांत वापरल्या जाणाऱ्या थ्री-प्लस-वन (तीन साध्या तारा आणि एक कोअ‍ॅक्सियल) केबलीची कोअ‍ॅक्सियल तार बारीक असल्यामुळे टीव्हीसाठी आणलेले कनेक्टर तिला चालत नाहीत, आणि स्क्रूने आवळायच्या बीएनसीची कथा वर सांगितलेल्या फिरवून बसवण्याच्या कनेक्टरसारखीच आहे.

आता सगळीकडे फायबर आले, कोअ‍ॅक्सियलचे दिवस संपले, असे काही वाचक म्हणतील. पडद्यावरचे चॅनेल इंटरनेटवरून पाहणाऱ्यांना खरोखरच या केबलीची गरज उरलेली नाही आणि त्यांनी तिच्यावर खर्च करू नये. पण डिश आहे तोवर छत्रीपासून बॉक्सपर्यंत हीच केबल राहणार. दूरदर्शनची विनाशुल्क डिश पाहणारी असंख्य कुटुंबे आहेत, आणि फायबर घेऊन येणारे अनेक केबल चालक इमारतीच्या तळाशी किंवा मजल्यावर फायबर संपवून घरात शेवटचे वीस मीटर कोअ‍ॅक्सियलनेच नेतात. त्या वीस मीटरमध्येच सारी दुखणी आहेत.

हे पत्र आत्ता लिहिण्याचे कारण असे की नौपाडा, पाचपाखाडी इथल्या जुन्या इमारती आणि वाशीत सिडकोने बांधलेल्या कित्येक इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. घोडबंदर रस्त्यावर नव्या मनोऱ्यांत लोक राहायला जात आहेत. या घरांत सगळे वायरिंग भिंतीत लपवलेले असते. फरशी इटालियन की कोटा, यावर सभासद तासन् तास बोलतात. टीव्हीच्या केबलीबद्दल विकासकाच्या सुविधांच्या यादीत ‘टीव्ही पॉइंट’ एवढेच दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांच्या जागी सोसायटीच्या समितीने केबलीचा प्रकार, कम्प्रेशन कनेक्टर, विजेच्या तारांपासून वेगळा पाइप आणि प्रत्येक वळणाला केबलीच्या जाडीच्या दहापट तरी त्रिज्येचा घेर, इतके लिहून घ्यावे. विजेच्या तारा आणि ही केबल एकाच पाइपातून नेण्याची सवय तर धोकादायकही आहे. शिवाय भिंतीच्या आत एकही जोड नको. प्रत्येक जोड स्क्रूने उघडता येईल अशा पेटीतच असावा. आमच्या एका सदस्याच्या घरी नूतनीकरण करणाऱ्या कंत्राटदाराने स्प्लिटर पीओपीच्या आत बंद करून टाकला होता आणि तो शोधायला नवेकोरे छत तीन ठिकाणी फोडावे लागले.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या वर्गांत ही जोडणी प्रत्यक्ष करून घेण्यासाठी एक दुपार पुरेल, अशी माझी तिथल्या जुन्या सहकाऱ्यांना विनंती आहे. त्यासाठी लागते ती दहा मीटर केबल, एक स्ट्रिपर, एक कम्प्रेशन टूल आणि वाया घालवायला मूठभर कनेक्टर. वाया घालवू द्यावेत, कारण पहिले पाच बहुतेक सगळ्यांचे चुकतात. माझे सात चुकले होते.

आमच्या सोसायटीत एका विंगमधल्या सर्व जोडण्या बदलून यंदाचा जुलै पार पडला आणि त्या विंगमधून टीव्हीची एकही तक्रार आली नाही. कापून काढलेले जुने कनेक्टर सचिवांनी एका बरणीत भरून कार्यालयातल्या टेबलावर ठेवले आहेत. उरलेल्या दोन विंगांचे काम दिवाळीपूर्वी करायचे ठरले आहे आणि वर्गणी देण्यास का-कू करणाऱ्या सदस्यांपुढे सध्या ती बरणी सरकवली जाते.

आपला,
एक निवृत्त निदेशक
नेरूळ, नवी मुंबई